तोब्रुकला धरला गेलेला आमचा आज्जा आणि इटलीतली ९१ नंबरची छावणी: तिथं आज काय बघायला मिळतं?

हिरण्यकेशी_काठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात. गेल्या उन्हाळ्यात गावाकडचं जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्यावर आज्जाची लोखंडी ट्रंक निघाली. कुलूप गंजलेलं, छिन्नीनं तोडलं. आत पेन्शनचं पुस्तक, फडक्यात बांधलेली तीन मेडलं आणि एक पिवळट कार्ड. कार्डावर वर परक्या भाषेत छापलेलं, मोबाईलवर बघितलं तर इटालियन निघालं, 'युद्धकैदी' असा अर्थ, आणि खाली शिक्का 'पी. जी. ९१'. मजकूर मराठीत, चार ओळी, मी खुशाल आहे, दादास नमस्कार, म्हैस व्याली का ते कळवणे. अक्षर आज्जाचं नाही कारण त्याला सहीपुरतंच येत होतं, बरोबरच्या कुणीतरी लिहून दिलं असणार.

आज्जा वारला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मराठा पलटणीत होता, आफ्रिकेत तोब्रुक नावाच्या गावात धरला गेला, मग इटलीत कैदेत होता, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. यापुढं तो कधी बोलला नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. आता खरं सांगायचं तर विचारलं नाही याचं कारण वेगळं होतं. गावात आमच्या घराला 'कैद्याचं घर' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं आज्जानं काय चोरीबिरी केलीवती. पुढं कळलं की बाकीच्यांची माणसं लढली आणि आमचा हात वर करून आला, असं ते बोलणं होतं. गावातल्या एका कार्यक्रमात माजी सैनिकांची नावं वाचली त्यात आज्जाचं नाव घेतलं नाही, वडिलांना ते फार लागलं, ते उठून घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुढं वडीलही गेले.

दोन गोष्टी मात्र ध्यानात आहेत. एक, आज्जा जेवताना भाकरीला कधीकधी 'पाने' म्हणायचा, "आणा की पाने", आम्हाला वाटायचं विड्याचं पान मागतोय. आणि दुसरी म्हणजे दिवाळीनंतर शेतात मेंढरं बसवायला धनगर यायचे, तर आज्जा त्यांना ठरलेल्या धान्यापेक्षा दुप्पट घालायचा, रात्री स्वतः दूध घेऊन वाड्यावर जायचा आणि तिथंच घोंगड्यावर झोपायचा. आज्जी तणतणायची. तो काय बोलायचा नाही.

तर मला विचारायचंय की ही ९१ नंबरची छावणी नेमकी कुठं होती, तोब्रुकला काय झालं की अख्खी पलटण धरली गेली, तिथं आज काही स्मारक वगैरे आहे का आणि आज्जाचं नाव कुठं सापडेल का. पुढच्या वर्षी मुलीच्या शिक्षणाच्या निमित्तानं जर्मनीला जाणं होणार आहे, जमलं तर इटलीला उतरायचं मनात आहे. माहीतगार लोकांनी सांगा.

---

सुभेदार_टिळकवाडी

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, राहायला बेळगावात. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे पेन्शनच्या पुस्तकात पलटणीपुढं २/५ असं लिहिलंय का बघा. तोब्रुकला धरली गेलेली मराठ्यांची पलटण म्हणजे २/५, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. जुना नंबर १०५. आमच्यात तिला 'काली पांचवी' म्हणतात आणि ते नाव आजही अभिमानानं घेतात. तेव्हा कैद्याचं घर म्हणणाऱ्यांना पहिलं हे सांगा की तुमचा आज्जा काली पांचवीचा होता.

आता तोब्रुक. लिबियातलं समुद्रकाठचं बंदर. १९४१ साली तिथं ऑस्ट्रेलियन आणि बाकीच्या सैन्यानं महिनोन्‌महिने वेढा सोसून जर्मनांना थोपवलं होतं, ते सगळीकडं लिहिलेलं सापडतं. पण १९४२ चं तोब्रुक ते तोब्रुक नव्हतं. मधल्या काळात भोवतीचा टँक अडवायचा खंदक वाळूनं भरत आला होता, सुरुंग काढून पश्चिमेला गझालाच्या फळीवर नेऊन पेरले होते आणि विमानांचं छत्र जवळजवळ नव्हतं. अशा ठिकाणी आपली ११ वी इंडियन ब्रिगेड आग्नेय बाजूला उभी होती, तीन पलटणी, कॅमेरॉन हायलँडर्स, २/७ गुरखा आणि आपली २/५ मराठा. जर्मन सेनापती रोमेलनं घाव घालायला नेमकी तीच बाजू निवडली. २० जून १९४२, पहाटे. आधी स्टुका विमानांनी बॉम्ब टाकले, पाठोपाठ तोफा, आणि मग टँक. तो सगळा मारा मराठ्यांच्या मोर्चावर आला. रायफल आणि मशिनगनवाल्या जवानानं टँकला काय करायचं सांगा? फळी तिथं फुटली, संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात पोचले आणि २१ तारखेला सकाळी तिथल्या मुख्य जनरलनं, तो दक्षिण आफ्रिकेचा होता, शरणागती दिली. तेहतीस हजारांच्या आसपास माणूस एका दिवसात कैदी झालं. त्यात गोरे होते, आफ्रिकन होते, आपले होते. रोमेलला या विजयाबद्दल फील्डमार्शल केलं.

म्हणजे हात वर करायचा हुकूम वरून आला. शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. मी तीस वर्षं वर्दीत काढली, पोरांना शिकवलंय, आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, कैदी होणं ही शिपायाची बेइज्जती नाही. त्याच रेजिमेंटच्या १/५ आणि ३/५ या पलटणी पुढं इटलीत लढल्या आणि नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण काली पांचवीचा जवान त्याच गावांतनं, त्याच भरतीतनं गेला होता, फक्त त्याच्या वाट्याला तो वीस जूनचा मोर्चा आला.

मेडलांमध्ये एका सहा टोकांच्या चांदणीची फीत वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा आणि एका बाजूला गडद निळा, दुसऱ्या बाजूला फिकट निळा पट्टा असेल तर तो आफ्रिका स्टार. तो कैद्यांनाही मिळाला. म्हणजे सरकारनं त्यांची लढाई मोजली, गावानं मोजली नाही.

---

हिरण्यकेशी_काठ

सुभेदारसाहेब, आत्ता ट्रंक उघडून बघितलं. पेन्शनच्या पुस्तकावर २/५ आहे. चांदणी आहे, फीत विटलीय पण मधला लाल पट्टा आणि कडेचा निळा दिसतोय. बायकोला बोलावून दाखवलं. आणखी लिहायला घेतलं होतं पण आत्ता नको.

---

मंगळवार_पेठेतली_लेक

मी माहेरची मंगळवार पेठेतली, गेली नऊ वर्षं नोकरीनिमित्त रोममध्ये. तुमचा धागा मैत्रिणीनं पाठवला आणि मी दुपारचं काम बाजूला ठेवून वाचत बसले.

'पाने' म्हणजे इटालियनमध्ये पाव, ब्रेड. तुमचे आज्जा भाकरीच मागत होते.

९१ नंबरची छावणी अवेझ्झानोला होती. रोमच्या पूर्वेला आब्रुत्झो म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथलं हे गाव, रोमहून पेस्काराकडं जाणाऱ्या रेल्वेनं दोनेक तासांत पोचतो. भारतीय शिपाई मोठ्या संख्येनं ठेवले होते अशी ही छावणी. मी दोनदा गेलेय, पहिल्यांदा सहज आणि दुसऱ्यांदा मुद्दाम. गावात उतरल्यावर जुनं काहीच दिसत नाही याचं नवल वाटतं, तर त्याला कारण आहे, १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपात हे गाव अक्षरशः जमीनदोस्त झालं, त्या पट्ट्यात तीस हजारांच्या आसपास माणसं गेली. मग पहिल्या महायुद्धात इथं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कैद्यांची प्रचंड छावणी उभी केली, १९१८ मध्ये त्यातल्याच रोमानियन कैद्यांची वेगळी सेना इथंच तयार झाली. त्या छावणीच्या कमांडचा बंगला, व्हिल्लिनो चिमारोझा, अजून उभा आहे. दुसऱ्या युद्धात पुन्हा कैदीच आणले, ते आपले. एकाच गावाच्या नशिबी पंचवीस वर्षांत दोनदा काटेरी तार.

उत्तरेला मोंते व्हेलिनो, जवळजवळ अडीच हजार मीटर, हिवाळ्यात पांढराफेक. तोब्रुकच्या जूनमधून धरलेला माणूस, वाळवंटातल्या कपड्यांत, बेंगाझीहून जहाजात घालून आणलेला, आणि पहिलाच बर्फाचा हिवाळा. जहाजाचंही सांगते कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. कैद्यांनी भरलेली जहाजं बाहेरून ओळखू येत नव्हती, ऑगस्ट १९४२ मध्ये 'नीनो बिक्सिओ' नावाच्या जहाजावर ब्रिटिशांच्याच पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, आत जवळजवळ तीन हजार कैदी होते, भारतीयसुद्धा, तीनशेच्या वर मेले. तुमचे आज्जा इटलीच्या किनाऱ्याला जिवंत लागले हीच पहिली सुटका म्हणायची.

खरी सुटका मात्र सिनेमातल्यासारखी नव्हती, की फाटक उघडलं, बँड वाजला. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्त राष्ट्रांशी तह केल्याचं रेडिओवर जाहीर झालं. इटालियन पहारेकऱ्यांपैकी बरेच बंदुका टाकून घरी निघाले. आणि लंडनहून गुप्त हुकूम आधीच पोचला होता की कैद्यांनी छावणीतच थांबावं, आपलं सैन्य लवकरच येईल. सैन्य आलं नाही. जर्मन आले. ज्यांनी हुकूम पाळला त्यातले हजारो गाडीत कोंबून उत्तरेला नेले आणि ज्यांनी तार ओलांडून डोंगर धरला ते वाचले किंवा वाटेत मेले. सबंध इटलीत पन्नास हजारांच्या आसपास कैदी त्या दिवसांत छावण्यांबाहेर पडले. अवेझ्झानोच्या आपल्या पोरांमधलेही बरेच डोंगरात गेले.

आणि आता तुमच्या धनगरांकडं येते. हा सगळा भाग मेंढपाळांचा. पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात मेंढरं घेऊन खाली पुलियाच्या मैदानात आणि उन्हाळ्यात परत डोंगरात, अगदी आपल्या धनगरांचं असतं तसं कोकणात आणि परत. डोंगरात दगडी खोपटी, गुहा, पाण्याच्या जागा त्यांनाच माहीत. पळालेल्या कैद्यांना लपवलं, भाकरतुकडा घातला तो प्रामुख्यानं या लोकांनी आणि गावातल्या बायकांनी. कैद्याला आसरा देणाऱ्याला गोळी असा जर्मनांचा हुकूम भिंतीभिंतीवर चिकटवला होता आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. तरी घातला. भाषा कळत नाही, रंग वेगळा, धर्म वेगळा, आणि त्यांच्याच देशाशी लढायला आलेला शिपाई.

तुमचे आज्जा सप्टेंबरनंतर नेमके कुठं होते ते कागद सांगतील. पण मेंढरांच्या वाड्यावर दूध घेऊन जाणारा आणि तिथंच घोंगड्यावर झोपणारा माणूस, मला तर हे वाचताना घशात आवंढा आला.

अवेझ्झानोहून एक छोटी लाइन आहे, काप्पिस्त्रेल्लो, सोरा करत रोक्कासेक्काला उतरते. काप्पिस्त्रेल्लोच्या स्टेशनावर उतराच. ४ जून १९४४, ज्या दिवशी रोम सुटलं त्याच दिवशी, माघार घेणाऱ्या जर्मनांनी डोंगरात गुरं-मेंढरं लपवून बसलेल्या माणसांना धरून आणलं आणि या स्टेशनाजवळ ३३ जणांना गोळ्या घातल्या. तिथं स्मारक आहे. आणखी आठवडाभरात न्यूझीलंडचं सैन्य अवेझ्झानोत पोचलं. मी त्या फलाटावर अर्धा तास बसले होते, पुढची गाडी येईपर्यंत. समोर डोंगर, खाली लिरी नदीचं खोरं, आणि गाडीची वाट बघणारी शाळेची पोरं मोबाईलवर गाणी ऐकत होती.

---

चिकोडी_रोड

ताईंनी लई चांगलं लिवलंय. माझी एक भर घालतो, आमच्या चुलत आज्जाची. तोही तोब्रुकचाच, पण तो डोंगरात गेला नाय, थांबला, आणि जर्मनांनी गाडीत घालून वर नेला. तिथनं फ्रान्समधी एपिनाल नावाच्या गावात, जुन्या बराकी हुत्या, तिथं आपली हजारो माणसं एका ठिकाणी ठेवलेली, शीख, गुरखे, मुसलमान, मराठे सगळी. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी एपिनालवर बॉम्ब टाकले, त्यांना आत कोण हाय ते ठाऊक नव्हतं, आपली बरीच माणसं मेली पण भिंती पडल्या, आणि त्या धुरळ्यात जी उठली ती पळाली. दिवसा रानात झोपायचं, रात्री चालायचं, स्वित्झर्लंडची सीमा शंभरेक किलोमीटर. फ्रेंच शेतकऱ्यांनी दूध, बटाटं, जुनी कापडं दिली, वाट दावली. पाचशेच्या आसपास माणसं स्वित्झर्लंडमधी पोचली, केवढी मोठी सुटका बघा. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पळण्यावर सिनेमे निघाले, आपल्या पोरांचं ऐंशी वर्षं कुणाला म्हाईत नाय.

आज्जा सांगायचा, सीमेवरच्या शिपायानं त्याला पहिलं काय दिलं तर पायाला लावायला मलम. त्याचे पाय शेवटपर्यंत तसेच हुते, बोटं वाकडी. आमच्यात पायाकडं बोट दावून पोरं हसायची, त्यो म्हणायचा ह्या पायांनी मी परदेशाची हद्द ओलांडलीय. आमी समजायचो म्हातारा फेकतोय. आज पाय धरावं वाटतंय तर माणूस नाय.

---

रंकाळा_वेस

एक शंका, राग मानू नका. युरोपातल्या कैद्यांमधून नेताजींनी फौज उभी केली होती ना, मग तुमच्या आज्जांनी नाव दिलं होतं का? आमच्यात कायम सांगतात की जे कैदी झाले ते सगळे नेताजींकडं गेले.

---

सुभेदार_टिळकवाडी

रंकाळा_वेस, सगळे नाही. जर्मनीत आनाबुर्ग म्हणून छावणी होती, तिथं आफ्रिकेत धरलेले भारतीय कैदी गोळा केले आणि त्यांच्यापुढं नेताजींनी भाषणं केली. युरोपातल्या पंधरा हजारांच्या आसपास कैद्यांपैकी सुमारे तीन हजार जर्मनीतल्या आझाद हिंद फौजेत गेले. सिंगापूरची आझाद हिंद सेना वेगळी, ती कितीतरी मोठी, ते आकडे इथं जोडू नका. जे गेले त्यांच्या मनात देशाचं स्वातंत्र्य होतं. जे नाही गेले त्यांनी पलटणीचं मीठ आणि घेतलेली शपथ धरून ठेवली, आणि त्यासाठी कैदेत उपास काढले. मी दोघांनाही सॅल्यूट करतो. एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं करायची गरज नाही, तारेच्या आत बसून ठरवायचं होतं त्यांना, आपल्यासारखं खुर्चीत बसून नाही.

आणि कागदांबद्दल. हिरण्यकेशी, पेन्शनच्या पुस्तकावर सर्व्हिस नंबर असेल तो घेऊन बेळगावला रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नातं दाखवणारा कागद जोडा, आणि कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या, ते पत्र लिहायला मदत करतात. दुसरं, जिनिव्हाला रेड क्रॉसचं मोठं दप्तर आहे, दोन्ही महायुद्धांतल्या कैद्यांच्या याद्या तिथं जपल्यात. दुसऱ्या युद्धासाठी घरच्या माणसाला ऑनलाइन अर्ज करता येतो पण तो वर्षातून ठराविक वेळीच उघडतात आणि कोटा झटकन भरतो, तारीख बघून पहाटेच बसा. कोणत्या छावणीतून कोणत्या छावणीत हलवलं ते त्यातून कळू शकतं. आज्जांचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार प्रकारे लिहिलेलं असेल, बाबूराव, बाबू, बापू, आणि आडनावाच्या जागी कधी बापाचं नाव, कधी गाव. म्हणून नंबर महत्त्वाचा. नंबर खोटं बोलत नाही.

---

मंगळवार_पेठेतली_लेक

स्मारकावरच्या नावाबद्दल विचारलं होतं ते राहिलं. तुमच्या आज्जांचं नाव राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या कुठल्याही दगडावर सापडणार नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती नावं युद्धात मरण पावलेल्यांची असतात. तुमचे आज्जा घरी आले, म्हैस व्याली का बघायला.

पण त्यांच्या बरोबरचे सापडतील. आब्रुत्झोच्याच किनाऱ्याकडं सांग्रो नदीजवळ मोठं युद्धस्मशान आहे. छावण्यांतून पळून दोस्तांच्या फळीकडं जाताना मेलेल्या कैद्यांच्याही कबरी तिथं आहेत, आणि दहन केलेल्या भारतीय शिपायांसाठी वेगळं स्मारक आहे, पाचशेच्या वर नावं. म्हणजे सावंत, जाधव, पाटील, राम, महादू... वाचताना असं वाटतं की आपण कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उभे आहोत आणि कुणीतरी हजेरी घेतंय. फोर्लीलाही भारतीय सेनेचं स्वतंत्र स्मशान आहे, ते उत्तरेला, तुम्हाला वाटेत पडेल. पेरूज्याजवळ मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे, तिथं २०२३ मध्ये यशवंत घाडगेंचं स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. माणगावच्या माणसाची सावलीघडी इटलीतल्या गावात, आणि लिहिलंय काय तर आपण सगळे एकाच सूर्याखाली.

सुलमोनाची ७८ नंबरची छावणी बऱ्यापैकी टिकून आहे, भिंती, खोल्या, तिथं गेलात तर छावणी म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं. आणि सुलमोनाहून मायेल्ला डोंगर ओलांडून कासोलीपर्यंत, पळालेले कैदी ज्या वाटेनं गेले त्या वाटेनं, दर वर्षी वसंतात शेकडो माणसं चालतात, त्याला स्वातंत्र्याची वाट म्हणतात. शाळकरी पोरंही असतात. आपल्याकडं पन्हाळा ते पावनखिंड चालतात ना पावसात, चिखलात, अगदी तसंच, फक्त तिकडं बर्फाचं पाणी.

आणि एक फार सुंदर गोष्ट. सुटून घरी गेलेल्या काही ब्रिटिश कैद्यांनी म्हातारपणी, १९८९ मध्ये, एक ट्रस्ट काढला, मोंते सान मार्तिनो नावाचा. इटलीतल्या तरुण पोरांना इंग्लंडमध्ये भाषा शिकायला पैसे देतात, ज्यांनी आम्हाला भाकरी घातली त्यांच्या नातवंडांसाठी म्हणून. हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याकडच्या कुणी असं काही केलं नाही. आज तुमच्या आज्जांचं दुप्पट धान्य वाचलं.

---

वळिवडे_स्टेशन

मी गांधीनगरचा, दुकान आहे. हा धागा वाचून मला आमच्याच जागेची आठवण झाली. आज जिथं आमचं कापडमार्केट आहे, लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा येतो, तिथं १९४३ ते ४८ पोलंडच्या लोकांची वळिवडे छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया, मुलं आणि म्हातारी. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेली आमची सिंधी माणसं राहिली. माझे वडील त्यातल्याच एका बराकीत जन्मले. म्हणजे आमचं घरच कुणीतरी सोडून गेलेल्या घरावर उभं आहे.

ते पोलिश लोक कैदेतूनच आले होते. १९४० साली रशियानं घरातून उचलून सायबेरियाला नेलेले, जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर सुटले, इराणमार्गे इथं आले. आणि त्यांचे बाप, भाऊ, नवरे कुठं होते माहितीये? पोलंडच्या जनरल अँडर्सच्या सैन्यात. तेच सैन्य पुढं इटलीत उतरलं आणि १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या मठावर पोलंडचं निशाण लागलं. बातमी वळिवड्यात आली असणार, आणि मागोमाग माणसं गेल्याच्या तारा. एका बाजूला आपल्या गडहिंग्लजचा माणूस त्याच इटलीच्या डोंगरात लपलेला आणि त्याच वेळी त्या डोंगरात लढणाऱ्यांची बायकापोरं आपल्या पंचगंगेचं पाणी पितायत.

ही माणसं परत येतात बरं का. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्तंभ आहे, बऱ्याच कोल्हापूरकरांनी बघूनही बघितलेला नसतो, आणि २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यात नवीन स्मारक झालं तेव्हा नव्वदीच्या घरातल्या पोलिश आज्ज्या आल्या होत्या. त्यातली एक आमच्या दुकानाच्या पायरीवर बसली, माझ्या आईनं चहा दिला, तर ती मराठीत म्हणाली "पाणी द्या". तेवढंच. सत्तर वर्षं तिनं ते सांभाळून ठेवलेलं. तुमच्या आज्जांच्या 'पाने'सारखंच. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे.

म्हणून हिरण्यकेशी, जाच तुम्ही. ते इथं येऊन आपल्या माणसांच्या कबरी पुसतात, आपलं कुणी तिकडं जात नाही. ताईंनी सांगितलेली ती छोटी गाडी रोक्कासेक्काला उतरते म्हणाल्या, तिथनं कासिनो जवळच. मठाच्या खाली पोलिश लोकांच्या हजारावर कबरी आहेत, गावात ब्रिटिशांच्या युद्धस्मशानात आपल्या शिपायांची नावं हिरव्या संगमरवरावर. दोन्हीकडं एकेक फूल ठेवा, एक वळिवड्याच्या वतीनं ठेवा.

---

हिरण्यकेशी_काठ

सगळ्यांचे आभार कसे मानू. दोन आठवडे लिहिलं नाही कारण गावाकडं गेलो होतो, आत्याला भेटायला. आत्या आता थकलीय, कानानं कमी ऐकते. तिला मोठ्यानं विचारलं, आज्जा धनगरांना एवढं का घालायचा गं. तर ती लगेच म्हणाली, "त्यानं मला सांगितलंवतं की. हिवाळाभर एका मेंढक्याच्या खोपीत होता म्हणं त्यो. मेंढरांच्या मधी झोपवायचे त्येला, ऊब लागावी म्हणून, आणि शिपाई आले तर दिसू नये म्हणून. त्या मेंढक्याची म्हातारी रोज अर्धी भाकरी आणायची." मी विचारलं हे तू कधी सांगितलं नाहीस, तर म्हणाली, "कुणी इचारलं?"

मग ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, सुटका झाली तेव्हा तो मेंढक्या रडला होता, असं आज्जा सांगायचा. आणि आज्जाकडं द्यायला काहीच नव्हतं. अंगावरचा कोटसुद्धा त्याच मेंढक्यानं दिलेला.

रेकॉर्ड ऑफिसचा अर्ज पाठवला, सर्व्हिस नंबर सापडला. रेड क्रॉसचा ऑनलाइन अर्ज उघडायची तारीख कॅलेंडरला लावून ठेवलीय. तिकीट पुढच्या मे महिन्याचं काढतोय. मुलगी म्हणाली मीपण येते, काप्पिस्त्रेल्लोला उतरू, अवेझ्झानोत दोन दिवस राहू.

ताई, तुम्हाला एक विचारायचंय. पट्टणकोडोलीच्या यात्रेत एक घोंगडं घेतलंय, काळं, जाड, हातमागाचं, साडेतीन किलो भरलं. आज्जाच्या मेंढक्याचं नाव-गाव सापडणार नाही हे मला कळतं, पण त्या डोंगरात अजून मेंढरं राखणारं कुणी असेल तर त्याला द्यायचंय. विमानात लोकरीचं सामान न्यायला काही कागद लागतो का आणि तिकडं मे महिन्यात मेंढरं डोंगरावर चढलेली असतात की अजून खाली मैदानात?

---

मंगळवार_पेठेतली_लेक

घोंगड्याला कागद लागत नाही, चेक-इनच्या बॅगेत घाला. मेंढरांचं म्हणाल तर मेच्या शेवटी ती वर चढायला लागतात, म्हणून तारीख थोडी पुढं ढकलता आली तर बघा. मी रोमहून सुट्टी काढून येते तुमच्याबरोबर, भाषेचं मी बघते.